मी यंत्राच्या बाजूनं बसते

४ फेब्रुवारी

वजीरबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काही कुठे पळून जात नाहीत. आधी एक सांग, तुझं यंत्र दमतं का गं?

उगीच विचारते. म्हातारीला झोप कमी नि शंका फार. बुद्धिबळ खेळणारं यंत्र तू बनवलंस, ते माणसाला उभं राहू देत नाही, सगळं मान्य. पण कुणी त्याला रोज तीन-तीन तास छळलं, तर त्याला कंटाळा येतो का? मनासारखं होईना की ते चिडतं का? तू चिडायचीस. सहा वर्षांची होतीस, वजीर मारला गेला की अख्खा पट उलटा करायचीस आणि वर म्हणायचीस, "भूकंप झाला." वजीरबाई हे नाव मी काही हौसेनं नाही ठेवलं.

फोन का केला नाही, म्हणशील. एक तर फोनवर तू डब्यात बसून बोलतेस असं वाटतं. दुसरं, मी चार वाक्यं बोलेपर्यंत तुझं "हो आजी, हो आजी, मीटिंग आहे आजी" सुरू होतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आणि तिसरं, फोन दुकानातल्या टेबलावर असतो आणि त्या टेबलामागे तुझा बाप असतो.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई लिहून घेताहेत, ड्यूटीवरून आल्या आल्या, पाय पाण्यात सोडून. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा गुपितं सांगायला माणूस अगदी योग्य. (विचारताहेत, हे वाक्यही लिहू का? लिहा की.)

पेपरात तुझा फोटो आला. तुझ्या बापानं तो मला दाखवला नाही. पेपर माझ्यासमोर असा ठेवून गेला की फोटो वर राहील. बातमी मग नर्सबाईंनी वाचली. तीस मार्चला त्या मोठ्या खेळाडूशी तुझ्या यंत्राचा जाहीर सामना. यंत्र जिंकलं तर कंपनी तुझा विभाग वाढवणार. त्याचं हसं झालं तर विभाग बंद, आणि तू आणि तुझी सहा माणसं घरी. बरोबर ना? एवढी मोठी गोष्ट तू मला सांगितली नाहीस. सांगू नकोस. मी कोण, नुसती आजी.

घरचं म्हणशील तर दुकान चाललंय. मनगटी घड्याळं कमी, भिंतीवरची जास्त. दुपारी एक ते चार शटर खाली असतं. त्या वेळात तुझा बाप काय करतो ते मी तुला सांगणार नाही.

तीन वर्षं झाली तुम्हा दोघांना बोलून. तू यंत्र घेऊन आलीस, क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत बापाला त्याच्यापुढे बसवलंस, आणि गावात वीस वर्षं न हरलेला माणूस सात डाव ओळीनं हरला. मग कुणीतरी हसलं. मग शब्दाला शब्द लागला, तू त्याच संध्याकाळी निघून गेलीस आणि त्यानं पट माळ्यावर टाकला. तर त्या दिवसाबद्दल मी काहीच बोलणार नाही. तूही काढू नकोस.

फक्त एक विचारते. समज, कुणी म्हणालं की तुझ्या यंत्राला एक भोक आहे, तर तू काय करशील?

तुझी,
नुसती आजी


२१ फेब्रुवारी

वजीरबाई,

तुझं पत्र नर्सबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्यासाठी नाही, त्यांचीच उत्सुकता.

तू लिहितेस, "आजी, गेल्या वर्षभरात एकाही माणसानं त्याच्याशी साधी बरोबरी केलेली नाही. भोक असतं तर दिसलं असतं." अगं, भोक दिसलं असतं तर त्याला दार म्हटलं असतं. आणि पुढे लिहितेस, "कोण म्हणतंय असं? क्लबातलं कुणी?"

हुशार पोरगी आणि एवढं कळू नये!

ऐक आता. पट माळ्यावर गेला तो वर्षभर तिथेच होता. मग एका दुपारी तुझा बाप शिडी लावून वर चढला. मी विचारलं तर म्हणाला, "छत्री शोधतोय." छत्री शोधणारा माणूस सोंगट्या एकेक करून पुसत बसत नाही. त्याच दिवशी त्यानं तुझं ते यंत्र नेटवरून घरच्या संगणकात उतरवून घेतलं. तू सुधारून नवं काढलंस की हाही नवं घेतो. तुझ्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पण यंत्राचा नवा अवतार आला की दुसऱ्या दिवशी घरात हजर.

दुपारी शटर खाली आलं की दुरुस्तीच्या टेबलावरचे चिमटे, चक्रं, तेलाची कुपी बाजूला सरते आणि पट मांडला जातो. कडेला संगणक. खुर्चीत तो, आणि समोर स्टुलावर मी. पडद्यावर तुझ्या यंत्राची चाल उमटली की तो म्हणतो, "आई, उंट तिरका दोन घरं," आणि मी उंट हलवते. तुझ्या यंत्राला हात नाहीत ना, ते माझे.

पहिलं वर्षभर नुसता हरला. पुढेही हरतच होता. प्रत्येक डाव वहीत उतरवतो. तीन वह्या भरल्या. आणि हरताना काय म्हणतो माहीत आहे? एकदा तुझ्या यंत्रानं चांगला धडधाकट घोडा उगाच मरायला पाठवला. मी म्हटलं, "बिघडलं वाटतं." हा दहा मिनिटं पटाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आई, ही चाल माणसाला सुचत नाही. कशी शिकवली असेल हिनं?" हिनं म्हणाला. यंत्रानं नाही म्हणाला. आणि कधी यंत्र वजीर लवकर बाहेर काढतं, तेव्हा गालात हसतो. "सांगून सांगून जीभ झिजली, हिचा वजीर अजून घरात बसत नाही."

घड्याळ दुरुस्त करताना नाही बोलत एवढं ह्या तीन तासांत बोलतो. माझ्याशी नव्हे, पटाशी.

आता ते भोक. भोक कसलं, भिंतच आहे ती. मी अडाणी बाई, पण हात माझेच चालतात म्हणून सांगते. तुझं यंत्र मोजतं. त्याच्याइतकं कुणी मोजू शकत नाही, तुझा बाप त्यापुढे हात जोडतो. मग ह्यानं मोजायचंच सोडून दिलं. गेल्या उन्हाळ्यात एका डावात ह्यानं आपला हत्ती देऊन त्याचा घोडा घेतला. यंत्र खूष, पडद्यावरचा आकडा चढला. तेवढ्यात ह्यानं एकेक प्यादं पुढे सरकवलं आणि यंत्राच्या प्याद्यांच्या डोक्याला डोकं लावून ठेवलं. मुंगी शिरेल एवढी फट नाही. त्यामागे राजा बसवला, दाराशी घोडा उभा केला आणि स्वतः चहा प्यायला लागला.

यंत्राकडे माल जास्त, पण आत जायला वाट नाही. आपण एकदा बघतो आणि म्हणतो, चला, इथे आता काही होणार नाही. यंत्राला ते दिसत नाही. ते वीसेक चाली पुढचं बघतं, तिथेही आपलाच माल जास्त दिसतो, मग आणखी पुढचं बघतं. साखरेच्या बंद बरणीवर मुंगी फिरते बघ, तशी. तिला वाटतं अजून एक फेरी मारली की वाट सापडेल. आणि तिचं काही चूक नाही गं, आत साखर आहे हे खरंच आहे! हत्ती ह्या घरातून त्या घरात, त्या घरातून ह्या घरात, मी हलवून हलवून कंटाळले. पन्नास चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलं नाही, की डाव बरोबरीत सुटतो. पडदा शेवटपर्यंत म्हणत होता, मी जिंकतोय.

मी त्याला म्हटलं, "हे यंत्र आहे की आपल्या घरातली माणसं? तीन वर्षं दोघंही हत्ती इकडून तिकडे करताय, आणि दोघांनाही वाटतंय की आपणच जिंकतोय." त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. कान माझे गेलेत, त्याचे नाही.

तेव्हापासून अकरा वेळा त्यानं ही भिंत उभी केली आणि अकराही वेळा बरोबरी. आता मुद्दा असा की तो तुझा मोठा खेळाडू ह्याच भिंतींसाठी प्रसिद्ध आहे म्हणे. बातमी आल्यापासून तुझ्या बापाचं जेवण कमी झालंय. काल एका गिऱ्हाईकाच्या घड्याळाचा काटा उलटा बसवला. मी म्हटलं, "पोरीला कळव की." तर म्हणतो, "तिनं विचारलंय का?" पुन्हा तेच, डोक्याला डोकं.

वही चोरून पाठवली असती, पण ड्रॉवरची किल्ली त्याच्या कमरेला, आणि किल्ली मिळाली तरी कुठल्या पानावर काय लिहिलंय हे मला कुठे वाचता येतं! म्हणून तोंडानं सांगते. भिंत डाव्या हाताला. डाव्या कडेची चार प्यादी, राजा त्यांच्याआड, घोडा भिंतीच्या उजव्या टोकाशी. तेवढं बुजवून टाक आणि जिंक.

मी सांगितलं हे त्याला कळता कामा नये. तुला माझी शपथ.

तुझी,
घरभेदी आजी


१० मार्च

वजीरबाई,

भिंत पडली म्हणतेस.

"आजी, तू सांगितलीस तशीच मांडली. आम्ही सातही जण बसलो होतो. यंत्रानं चौदा चालींत फोडली. हे भोक नाही, ही तर मोकळी खिडकी." आणि खाली लिहितेस, "बाबा खरंच रोज खेळतात का? की तू मला बरं वाटावं म्हणून रचून सांगतेस?"

रचून! अगं, मला रचायचंच असतं तर मी त्याला जिंकवलं नसतं का? अकरा बरोबऱ्या कशाला रचेन?

माझ्या सांगण्यात चूक नाही. नर्सबाईंच्या लिहिण्यात असेल. (म्हणताहेत, चूक वाटत असेल तर दुसरी लेखनिक बघा. रागावल्या. नर्सबाई, पाय पुसा, पाणी गार झालं.) काल मी मुद्दाम नीट बघितलं. चार प्यादी, माझ्या डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूला. राजा आड. घोडा टोकाला. हत्ती मीच हलवला, पन्नास वेळा. बारावी बरोबरी.

आता दिवस थोडे राहिले आणि मला एकच वाट दिसते. ती वाट त्याच्या टेबलावरून जाते. त्याला सगळं सांगावं लागेल, आणि सांगायला बसले की फक्त भिंतीचं सांगून भागणार नाही. तुला कळलं मी काय म्हणते ते. माझी एक गोष्ट तू तीन वर्षं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली आहेस. मी तुला "त्या दिवसाचं काढू नकोस" म्हणाले, आणि तू खरंच काढलं नाहीस, आपल्या फायद्याचं असूनही. एवढा शहाणपणा कुठून आला तुझ्यात? माझ्याकडून तर नक्की नाही.

नर्सबाई विचारताहेत, कुठली गोष्ट? बघा, ह्यांना उत्सुकता फार.

तुझी,
घाबरलेली आजी (हे लिहू नका. लिहिलंत? असू दे.)


१६ मार्च

वजीरबाई,

अक्षर बघून दचकलीस ना? दचक.

लेखनिक बदललाय. समोर बसलाय, हातात पेन, आणि तोंड असं की स्प्रिंग तुटलेलं घड्याळ बरं. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं ठरलंय. (पदरचं कंसात घालेन. – लेखनिक)

झालं ते असं. परवा दुपारी पट मांडून झाल्यावर मी तुझी दोन्ही पत्रं त्याच्यापुढे टाकली. म्हटलं, "वाच, आणि मग ओरड." त्यानं वाचली. दोन्ही. मग पुन्हा वाचली. "बाबा खरंच रोज खेळतात का" ह्या ओळीवर बोट ठेवून बसला. मी आपली स्टुलाच्या कडेवर, उठून पळायच्या तयारीत, ह्या वयात.

शेवटी म्हणाला, "आई, तू तिला भिंत डावीकडे सांगितलीस?"

"मग? आहेच डावीकडे."

"माझी भिंत उजवीकडे असते."

"मला शिकवतोस? रोज समोर बसते मी. डावीकडे. खिडकीच्या बाजूला."

तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावरून पटाकडे बघितलं. आणि मग असा हसला गं, की भिंतीवरची घड्याळं थांबून ऐकतील. म्हणाला, "आई, तू तिच्या बाजूनं बसतेस!" (हे बरोबर आहे. असंच म्हणालो.)

तर काय, त्याची उजवी ती माझी डावी. दोन वर्षं तुझ्या यंत्राच्या बाजूनं बसले आणि मला ते कळलंच नाही. तिकडे सात शहाणी माणसं राजाला भलत्याच कोपऱ्यात बसवून बसली. माझं सांगणं चुकलं नव्हतं, बघायची जागा निराळी होती. नर्सबाईंची माफी मागितली. त्यांनी अजून दिलेली नाही.

तो हसतोय तोवर म्हटलं दुसरंही उरकून घ्यावं. पण हसणाऱ्या माणसापुढे धीर झाला नाही. म्हणून आज सांगते, लिहिता लिहिता ऐकेल. लिही रे.

त्या दिवशी क्लबात सातवा डाव संपला तेव्हा जी हसली, ती तू नव्हतीस. ती मी.

(इथे मी पेन खाली ठेवला. आईनं उचलून परत हातात दिला.)

तू यंत्राशेजारी, मी तुझ्या पाठीशी. हा मान खाली घालून बसलेला. आणि मला हसू फुटलं. तुझ्या हरण्याचं नाही रे, हे लिही, तुझ्या हरण्याचं नाही. पण भूकंप करणारी ती एवढीशी चिमुरडी, आणि तिनं हे एवढं उभं केलं! माझ्या मुलाला हरवील असं कुणी असेल तर ती त्याचीच पोर, असं वाटलं आणि ऊर भरून आला. माझं ऊर भरून येणं नेहमी हसण्यातूनच बाहेर पडतं, त्याला मी काय करू?

ह्यानं मान वर न करता विचारलं, "हसायला काय झालं?" आणि तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "का, हसूही नये का?" "मी नाही हसले," असं तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं असतं. मग तो पेटला, तू पेटलीस, आणि मी मूग गिळून बसले. आज सांगीन, उद्या सांगीन. एक दिवस गेला की दुसरा दिवस जास्त जड होतो. माझीही भिंतच की ती. कुठल्या बाजूची ते आता मला विचारू नका.

हा भिंग डोळ्याला लावून बसलाय, आणि पुढ्यात घड्याळ नाही. (भिंग पुसत होतो.) पुसताना डोळ्याला लावत नाहीत. (आई, हेही लिहायचं?) लिही.

झालं माझं सांगून. अंगठा उठवायला शाई आण म्हटलं, तर म्हणतो तुझं हसणं ऐकून ती ओळखेल. बोलायला लागला बघ. खाली जागा उरली आहे, त्यात त्याला हवं ते लिहू दे. मला वाचता येत नाही ह्याचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होतोय. मी चहा टाकते.

तुझी,
तुझ्या बाजूची आजी


भिंत उजवीकडे, राजाच्या बाजूला. पूर्ण मांडणी मागच्या पानावर काढून दिली आहे. तिन्ही वह्या ह्याबरोबर आहेत. बरोबरीच्या डावांच्या पानांना दोरा बांधलाय.

यंत्राला आणखी पुढचं मोजायला शिकवून उपयोग नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. भिंत पुरी व्हायच्या आधी काहीतरी सोडून फट ठेवायची, आणि ती ज्याच्याकडे जास्त आहे त्यानंच ठेवायची, हे त्याला शिकवता आलं तर बघ. मलाही उशिराच कळलं.

ह्या यंत्राशी मी चारशे बारा डाव हरलो. वह्या चाळशील तेव्हा दिसेल, काही पानांच्या कडेला मी नुसतं "वा" लिहिलंय. ते हरलेल्याच डावांत आहे. बरोबरीच्या डावांत लिहावंसं काही नव्हतं.

आई चहा घेऊन येईल आणि काय लिहिलंस म्हणून विचारेल. तिला वाचून दाखवणार नाही. तीन वर्षं तिनं सांगितलं नाही, मी तीन दिवस तरी नाही सांगणार.

टेबलावर नवीन डाव मांडला आहे. राजापुढचं प्यादं दोन घरं.

तुझी चाल. पत्रानंच पाठव. सावकाश, आधी सामना होऊ दे. आणि यंत्राला विचारायचं नाही.